रेबिया कदीर - लाँड्रीवाली, करोडपती, कैदी आणि चीनची नंबर एकची शत्रू

शेवंता
चीनच्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं होतं की तिबेटींना दलाई लामा आहेत तसं उइगुरांचं (चीनच्या शिनजियांग प्रांतातले तुर्की वळणाचे मुसलमान) कोण आहे? तर तसं कुणीच नाहीये, आणि निम्मं दुखणं तिथेच आहे. जगाला ओळखीचा एक चेहरा लागतो. त्यातल्या त्यात साधारण २००६ ते २०१७ या काळात जो चेहरा दिसायचा तो एका बाईचा, डोक्यावर चौकोनी भरतकामाची दोप्पा टोपी आणि कमरेच्या खाली जाणाऱ्या दोन लांब वेण्या. रेबिया कदीर. तिकडे लिहायला घेतलं ते लांबत गेलं म्हणून इथे वेगळा धागा काढतेय, अ‍ॅडमिनना चालेल अशी आशा.

जन्म अल्तायचा, म्हणजे चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांगचं पार उत्तरेचं टोक, दुसरं महायुद्ध संपलं त्याच्या आसपास. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, नवरा बँकेत, सहा मुलं. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बाई घरी कपडे शिवून चोरून विकायची, आणि त्या काळात खाजगीत चार पैसे कमावणं म्हणजे भांडवलशाहीचं पाप, त्यावरून तिच्यामागे लागले, नवऱ्यावर दबाव आला, संसार मोडला. मग १९७६ मध्ये हिने लाँड्री काढली. माओ त्याच वर्षी गेला आणि पुढे तेंग शियाओपिंगने बाजार मोकळा करायला सुरुवात केली, तेव्हा ही बाई आधीपासूनच दुकान मांडून तयार बसलेली होती!! लाँड्रीतून भांडवल, त्यातून कापडचोपडाचा व्यापार, मग शिनजियांगची राजधानी उरुमचीत बायकांचा बाजार, मग स्वतःच्या नावाची मोठी व्यापारी इमारत जिच्यात शेकडो उइगुर दुकानदार गाळे घेऊन बसलेले, आणि सोव्हिएत युनियन फुटल्यावर तर कझाकस्तान वगैरेंशी धंदा असा वाढला की नव्वदीत तिचं नाव चीनमधल्या सगळ्यात श्रीमंत बायकांत घेतलं जायचं.

हा भाग लोक पटकन उरकतात पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही बाई चळवळीतून आलेली नाही, बाजारातून आलेली आहे. पक्षाला ती हवीच होती. अल्पसंख्य समाजातली बाई, शून्यातून करोडपती, याच्यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? तिला राष्ट्रीय राजकीय सल्लागार परिषदेवर घेतलं, १९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेत चीनच्या बाजूने बसवलं. आणि तिला बहुतेक असं वाटत होतं की आपण आत बसून घासाघीस करू, थोडं द्यायचं थोडं घ्यायचं. दुसरा नवरा सिद्दिक रोझी, विचारवंत माणूस, आधी राजकारणापायी तुरुंगात जाऊन आलेला, तो १९९६ मध्ये अमेरिकेला निघून गेला आणि तिथून रेडिओवर चीनवर टीका करायला लागला. झालं, इकडे बायकोच्या मागे शुक्लकाष्ठ.

फेब्रुवारी १९९७ मध्ये शिनजियांगमधल्याच घुलजा शहरात उइगुरांची निदर्शनं झाली, ती चिरडली, धरपकड झाली. ही तिथे चौकशीला गेली. तिचा पासपोर्ट जप्त, परिषदेवरचं पद गेलं. पण बाईची खोड अशी की त्याच वर्षी तिने 'हजार आयांची चळवळ' काढली, म्हणजे उइगुर बायकांना छोटे धंदे काढायला मदत. लक्षात घ्या, मोर्चा नाही, घोषणा नाही, धंदा! ते सुद्धा सरकारला खपलं नाही.

ऑगस्ट १९९९. अमेरिकन काँग्रेसच्या संशोधन खात्याची माणसं उरुमचीत आलेली, त्यांना भेटायला निघाली आणि वाटेतच अटक. आरोप काय, तर परदेशात गुप्त माहिती पुरवली. आणि ती गुप्त माहिती म्हणजे नवऱ्याला पोस्टाने पाठवलेली तिथल्याच स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं. हो, वर्तमानपत्रांची! मार्च २००० मध्ये आठ वर्षांची शिक्षा.

ती तुरुंगात असतानाच २००४ मध्ये नॉर्वेचा मानवी हक्कांसाठीचा राफ्टो पुरस्कार मिळाला. सुटली मार्च २००५ मध्ये, कागदोपत्री तब्येतीच्या कारणाने, पण अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राईस बीजिंगला पोचायच्या ऐन तोंडावर. त्याच सुमारास अमेरिकेने जाहीर केलं की जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांपुढे यंदा चीनविरुद्ध मानवी हक्कांचा ठराव मांडणार नाही. म्हणजे आयुष्यभर सौदे केलेल्या बाईच्या सुटकेचाही सौदाच झाला. सुटताना तिला बजावलं होतं (हे ती स्वतः सांगते) की बाहेर जाऊन तोंड उघडलंस तर तुझा धंदा आणि तुझी मुलं, दोन्हीचं काही खरं नाही.

तिने तोंड उघडलं. २००६ च्या नोव्हेंबरात ती जागतिक उइगुर काँग्रेसची (परदेशातल्या उइगुरांची संघटना) अध्यक्ष झाली आणि त्याच सुमारास एका मुलाला करचुकवेगिरीत सात वर्षं, पुढच्या एप्रिलमध्ये दुसऱ्याला फुटीरतावादाखाली नऊ वर्षं.

२००९ च्या उरुमचीबद्दल प्रतिसादांत लिहिते, जेवणाची वेळ झाली.

---

खडकवासला_एक्सप्रेस
वाचतोय. जेवून या लवकर.

अण्णा_मुनीम
धंदेवाली बाई या अंगाने कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचलं. अकरा मुलं ना तिला एकूण? त्यात एवढा व्यापार सांभाळणं म्हणजे दंडवत. पुलेशु.

निर्भीड_नाना
छान लिहिलंय पण एकच बाजू. ही जागतिक उइगुर काँग्रेस अमेरिकेच्या 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमोक्रसी'च्या पैशावर चालते हे सोयीस्कर विसरलात का? ज्या अमेरिकेने इराकमध्ये काय केलं ते सगळ्यांना माहितीय तिला अचानक मुसलमानांचा पुळका? आणि त्याच अमेरिकेने बावीस उइगुर ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगात डांबलेले होते. हे सगळं चीनला खिजवायला आहे, बाई निव्वळ प्यादं.

शेवंता
@नाना, पैसे घेतात हे खरंच आहे आणि ते लपवतही नाहीत. ग्वांटानामोचंही बरोबर. पण मला सांगा, निर्वासितांच्या संघटनेने पैसे आणायचे कुठून? सौदीने द्यावेत? पाकिस्तानने? त्यांनी तर संयुक्त राष्ट्रांत चीनच्या शिनजियांग धोरणाच्या बाजूने पत्रावर सह्या केल्या. ज्याचं कुणी नाही तो जो हात पुढे येईल तो धरतो. प्यादं म्हणाल तर म्हणा, पण त्या प्याद्याची दोन मुलं आत गेली तेव्हा ते कुठल्या अमेरिकन फंडातून भरून निघालं नाही.

आता २००९. जूनच्या शेवटी ग्वांगडोंगमधल्या शाओग्वानला खेळण्यांच्या कारखान्यात अफवेवरून मारामारी झाली, दोन उइगुर कामगार मेले. त्याचा निषेध म्हणून ५ जुलैला उरुमचीत मोर्चा निघाला, तो पुढे चिघळला आणि भयंकर दंगल झाली. सरकारी आकडा १९७ मृत, त्यात जास्त करून हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे लोक. सामान्य माणसं, दुकानदार, बसमधले लोक. हे मी मुद्दाम लिहितेय कारण उइगुरांच्या बाजूने लिहिणारे इथे घाईघाईने पुढे जातात. मग दोन दिवसांनी हान जमाव दांडके घेऊन रस्त्यावर. मग धरपकड. आणि अख्ख्या शिनजियांगचं इंटरनेट जवळजवळ दहा महिने बंद!!

चीनने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की हे सगळं रेबिया कदीरने वॉशिंग्टनजवळ बसून घडवलं. पुरावा काय, तर तिने घरी फोन केला होता. ऑगस्टमध्ये सरकारी वृत्तसंस्थेने तिच्या मुलांच्या नावाने पत्रं छापली, आई तुझ्यामुळे निष्पाप लोक मेले अशा अर्थाची. सह्या करणाऱ्यांत तुरुंगात असलेला मुलगासुद्धा. नंतर उरुमचीतली तिची ती व्यापारी इमारत पाडायचं ठरलं.

निर्भीड_नाना
आणि तिने टीव्हीवर उरुमचीचा म्हणून जो फोटो दाखवला तो हुबेई प्रांतातल्या भलत्याच निदर्शनांचा निघाला ते? जपानमध्ये जाऊन एका रात्रीत दहा हजार लोक गायब झाले म्हणाली ते? असे आकडे फेकायचे आणि मग विश्वास ठेवा म्हणायचं.

शेवंता
दोन्ही झालं. फोटो शिशोऊ गावातला होता, अल जझीरावर दाखवला. दहा हजारांचा आकडा टोकियोत सांगितला आणि त्याला आधार काही देता आला नाही. यात मी तिची बाजू घेणार नाही. ती बाजारात वाढलेली बाई, आकडा चढवून सांगायची सवय, पण बाजारात गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, इथे समोर अख्खं चिनी सरकार होतं आणि त्याला एवढं निमित्त पुरलं. पण गंमत बघा, इंटरनेट बंद, पत्रकारांना सरकारी माणसाबरोबर फिरवणार, कुटुंबं बोलली तर आत, आणि मग म्हणायचं पुरावा द्या. खरा आकडा कुणालाच मोजू दिला नाही तर खोटा आकडा फिरणारच.

इसार_काठ
म्युनिकहून. इथे बरीच वर्षं आहे. उइगुर काँग्रेसचं मुख्यालय इथलंच, २००४ मध्ये स्थापना झाली ती इथेच. पूर्वी रेडिओ फ्री युरोप म्युनिकमध्ये होता, त्यात काम करायला काही उइगुर आले आणि त्यांच्याभोवती वस्ती जमत गेली. पहिले अध्यक्ष एर्किन आल्पतेकिन त्याच रेडिओवरचे.

मारीएनप्लाट्झला, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, त्यांची निदर्शनं मी पाहिली आहेत. हातात फिकट निळा झेंडा, पांढरी चंद्रकोर आणि तारा. गर्दी मोठी नसते. पण प्रत्येकाच्या गळ्यात एक-एक फोटो लॅमिनेट करून अडकवलेला, खाली नाव, जन्मसाल आणि शेवटचा फोन कधी झाला ते. एका आजोबांच्या पाटीवर फक्त '२०१७' होतं. विचारलं तर म्हणाले, मुलीने फोनवर सांगितलं बाबा आता फोन करू नका, तेवढंच. आपण घरी आठवड्याला व्हिडिओ कॉल करून आई काय जेवलीस विचारतो त्यामुळे मला तिथे जास्त वेळ उभंच राहवेना.

अवांतर: त्यांचं लग्मान खाल्लंय का कुणी? हाताने ओढून केलेल्या जाड शेवया आणि वर मटण-ढोबळी मिरचीचा रस्सा. आपल्या जिभेला एकदम चालतो.

खडकवासला_एक्सप्रेस
आपल्या सरकारने एका उइगुर नेत्याला व्हिसा देऊन परत घेतला होता ना? ती हीच का?

फाईल_नंबर_पाच
नाही, ते डोल्कुन ईसा. एप्रिल २०१६. रेबियाबाईंच्या नंतर २०१७ मध्ये तेच अध्यक्ष झाले. मूळचे अक्सूचे, १९८८ मध्ये विद्यापीठात फिजिक्स शिकत असताना विद्यार्थ्यांचा मोर्चा काढला म्हणून काढून टाकलेले, १९९४ मध्ये देश सोडला, तुर्कस्तान, मग जर्मनी, आता जर्मन नागरिक.

धरमशालेला चिनी लोकशाहीवाल्यांची, तिबेटींची वगैरे परिषद होती. तिला यायला यांनी ऑनलाइन टुरिस्ट व्हिसा काढला, मिळाला. तेव्हा नुकतंच चीनने संयुक्त राष्ट्रात मसूद अझहरला काळ्या यादीत टाकायचा आपला प्रस्ताव अडवला होता, त्यामुळे आपले पेपर आणि चॅनेल एकदम खूश, वा वा जशास तसे! चीनने डोळे वटारले आणि काही दिवसांत व्हिसा रद्द. कारण दिलं इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस. चिमटा काढला आणि समोरचा ओरडल्याबरोबर आपणच हात मागे घेतला.

आता नोटिशीचं. रेड नोटीस म्हणजे काही वॉरंट नव्हे, इंटरपोल फक्त कळवतं की अमुक देशाला हा माणूस हवाय, मानायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. जर्मनीने ढुंकूनही पाहिलं नाही, नागरिकत्व दिलं. पण त्याच कागदावर २००९ मध्ये सोलच्या विमानतळावर यांना अडवून ठेवलं, २०१७ मध्ये रोममध्ये सिनेटमध्ये बोलायला चालले होते तर पोलिसांनी उचललं. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये इंटरपोलने नोटीस काढून टाकली. तेव्हा इंटरपोलचे अध्यक्ष कोण होते माहितीय? मंग होंगवेई, चीनचेच उपमंत्री. आणि त्याच वर्षी ते चीनला गेले आणि गायब झाले, नंतर कळलं की लाचखोरीत आत टाकलंय. त्यांची बायको फ्रान्समध्ये आश्रयाला आहे आता. कोण कुठे आश्रय मागेल सांगता येत नाही.

शेवंता
@फाईल, मस्त प्रतिसाद. ईसांच्या आईचं पण लिहा ना.

फाईल_नंबर_पाच
हो. आई ७८ वर्षांची, मे २०१८ मध्ये चीनने उइगुरांना डांबायला काढलेल्या छावणीत वारली, यांना म्युनिकमध्ये कळलं जूनमध्ये. वडील गेल्याचं कळलं ते २०२० च्या जानेवारीत. कुणी फोन करून सांगायची सोयच नाही. चीन म्हणतं ती व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं. ७८ वर्षांच्या बाईला कसलं व्यवसाय प्रशिक्षण हे मात्र कुणी सांगितलं नाही.

निर्भीड_नाना
यावर मला काही म्हणायचं नाही. वाईटच आहे. पण २०१४ मध्ये कुनमिंग स्टेशनवर सुऱ्यांनी ३१ माणसं कापली तेही लिहा. कुठल्याही सरकारला काहीतरी करावंच लागलं असतं.

इसार_काठ
करावं लागतंच. पण ज्यांनी सुरे चालवले त्यांना पकडणं वेगळं आणि दाढी ठेवली, नमाज पढला, परदेशातल्या नातेवाइकाला फोन केला म्हणून लाखोंच्या संख्येने आत टाकणं वेगळं. दहा लाखांच्या आसपासचा अंदाज सांगितला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ ला अहवाल दिला त्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असं स्पष्ट म्हटलंय.

कपाशी_यवतमाळ
मला यातलं राजकारण फार कळत नाही पण कापसाचं कळतं. चीनचा बहुतेक सगळा कापूस शिनजियांगचा, जगातला साधारण पाचवा हिस्सा म्हणतात. अमेरिकेने कायदा केला की तिथला माल सक्तीच्या मजुरीचाच आहे असं धरून चालू, नाही हे तुम्ही सिद्ध करा. जून २०२२ पासून लागू. आमच्या जिनिंगवाल्या शेटनी तेव्हा सांगितलं होतं आता इकडचा कापूस सोन्याच्या भावाने जाणार. त्या हंगामात भाव चढलाही होता पण त्याला कारणं दहा, या कायद्याने शेतकऱ्याच्या खिशात काय आलं म्हणाल तर माझ्या तरी नाही आलं. आणि दुसऱ्याच्या पोरांना गुलाम करून ठेवल्यावर आपला भाव चढावा असं मागणं तरी कुठल्या तोंडाने मागायचं.

अण्णा_मुनीम
भाऊ, शेवटचं वाक्य लाखमोलाचं.

नुब्रा_रिटर्न
लडाखचा मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून. नुब्रा खोऱ्यात हुंडरला दोन वशिंडांच्या उंटावर बसून आपण सगळे फोटो काढतो ना, ते उंट शिनजियांगमधल्या यारकंदच्या व्यापारी काफिल्यांतल्या उंटांचे वंशज. लेहच्या बाजारात यारकंदी व्यापारी यायचे, काही तिथेच लग्न करून राहिले, त्यांचे वंशज म्हणजे लेहचे अर्गोन. श्रीनगरला यारकंदी सराई आहे.

आणि १९४९ मध्ये कम्युनिस्ट फौजा शिनजियांगमध्ये आल्या तेव्हा तिथले दोन मोठे पुढारी, ईसा युसुफ आल्पतेकिन आणि मेहमेत एमीन बुग्रा, शेकडो लोकांसकट डोंगर ओलांडून लडाखमध्ये उतरले. ऐन थंडी, बर्फात माणसं गेली, कितीतरी जणांची हातापायाची बोटं गेली. मग काही वर्षं श्रीनगरला, तिथून तुर्कस्तान. आल्पतेकिन १९९५ मध्ये इस्तंबूलला वारले. तिथे सुलतानअहमदमध्ये त्यांच्या नावाचं उद्यान केलं, महापौर होते एर्दोआन, चीनने तेव्हाही थयथयाट केला होता. वर ज्या एर्किन आल्पतेकिनांचा उल्लेख आलाय ते यांचेच चिरंजीव. म्हणजे ही सगळी परदेशातली चळवळ एका अर्थी आपल्या लेहच्या वाटेने बाहेर पडली.

खडकवासला_एक्सप्रेस
हे माहीतच नव्हतं!! दोनदा जाऊन आलो लेहला, गाईडने एक शब्द सांगितला नाही. वाचनखूण साठवली.

फाईल_नंबर_पाच
@नुब्रा, त्याच वाटेचं पुढचंही लिहितो, हे कमी लोकांना माहिती आहे. जून २०१३ मध्ये तीन उइगुर भाऊ, विशीच्या आसपासचे, सीमा ओलांडून लडाखमध्ये आले आणि पकडले गेले. बेकायदा प्रवेशाची शिक्षा झाली, ती भोगून संपली. त्यानंतर त्यांच्यावर पब्लिक सेफ्टी अ‍ॅक्ट लावला, म्हणजे खटला न चालवता ठेवता येतं, मुदत संपली की नवा आदेश. अलीकडच्या बातम्यांपर्यंत तरी ते तुरुंगातच होते. १९४९ ला शेकडो लोकांना वाट दिली होती आपण.

निर्भीड_नाना
चीनच्या ताब्यात दिलं नाही हे काय कमी आहे?

फाईल_नंबर_पाच
कमी नाही. पण आपला कायदाही नाही निर्वासितांचा, कुणाला ठेवायचं, कुणाला पाठवायचं ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत शिनजियांगवर नुसती चर्चा करायची की नाही यावर मतदान झालं, १७ विरुद्ध १९ ने पडलं, ११ तटस्थ. आपण तटस्थ. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, अमिराती सगळे चीनबरोबर. नेपाळसुद्धा. मुस्लिम देशांपैकी सोमालिया मात्र चर्चेच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र खात्याने म्हटलं की शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा मान राखला जावा. एवढं बोललो हेही पहिल्यांदाच म्हणे.

ओसरी
उशिरा आले. एक विचारू का शेवंताताई, रेबिया आता काय करते? आणि ईसा अजून अध्यक्ष आहेत का?

शेवंता
बाई व्हर्जिनियातच आहे, वय झालं, आता पुढे फारशी दिसत नाही. २०२० मध्ये चिनी सरकारी चॅनेलने तिच्या नातवंडांना वगैरे कॅमेऱ्यासमोर बसवून आम्ही मजेत आहोत असं वदवलं होतं.

ईसांवर २०२४ च्या मे महिन्यात लैंगिक छळाचे आरोप झाले, बाजूला झाले, माफीही मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साराजेव्होच्या अधिवेशनात तुर्गुनजान अलावदून अध्यक्ष म्हणून निवडून आले. हे आरोप चीनने घडवले अशी कुजबुज काहींनी केली पण मला ते पटत नाही, आरोप करणारी माणसं चळवळीच्या भोवतालचीच होती आणि चळवळ मोठी म्हणून त्यांनी गप्प बसावं हे कुठलं तर्कट.

निर्भीड_नाना
इथे सहमत, नोंद घ्यावी.

खडकवासला_एक्सप्रेस
नाना सहमत झाले, स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी. नुब्राभाऊ तुम्ही आल्पतेकिन आणि लेहच्या वाटेवर वेगळा धागा काढाच, नकाशा टाकलात तर बहार येईल.

नुब्रा_रिटर्न
काढतो, पण दिवाळीनंतर. काराकोरम खिंडीपर्यंतचा रस्ता आता सगळा लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे नकाशा हाताने काढलेला चालवून घ्या.